चेहरा आईचा

वाळवंटातून खमसीनचा वारा सुटला की अम्म शहाता डिसेक्शन हॉलच्या खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबायचा. तरी वाळू आत यायची ती यायचीच. त्या सकाळी टेबलांवर पिवळी पूड बसली होती आणि आठ वाजून गेले तरी दिवे लावावे लागले होते. बाहेर सूर्य होता की नव्हता, देव जाणे.

अम्म म्हणजे काका. डीनसाहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत अख्खं कॉलेज त्याला काकाच म्हणायचं. चौतीस वर्षं तो त्या हॉलचा सेवक. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माणसाच्या अंगातला एकेक स्नायू तो नुसत्या बोटांनी ओळखायचा आणि नव्या डॉक्टरांची भर वर्गात भंबेरी उडवायचा. "बाळा, डिग्री तुझ्याकडे आहे हे खरं, पण सुरी उलटी धरली आहेस," असं तो म्हणाला की पोरं खिदळायची. ताठा होता त्याला, खोटं कशाला बोला. हाताला यश होतं, आणि यश असलं की ताठा येतोच.

परीक्षा आठ दिवसांवर आली होती. छातीचे स्नायू उघडे करून ठेवलेली पाच शरीरं हवी होती. तीन झाली होती, हे चौथं. चौदा महिन्यांपूर्वी सिकंदरिया बंदरातल्या एका शवागारातून आलेलं, बेवारस. कागदावरचं डॉक्टर नाहिदबाईंनी वाचून दाखवलं होतं: पुरुष, वय पंचवीस ते पस्तीस, नाव माहीत नाही. शहातानंच ते दारात उतरवून घेतलं, त्यानंच इतर चारपाचांबरोबर घाईघाईनं धुतलं, मांडीच्या धमनीतून फॉर्मॅलिन भरलं. आणि नेहमीसारखं चेहऱ्याकडे न बघता तोंड आणि दोन्ही हात ओल्या कापडात घट्ट बांधून टाकले.

हा रिवाज त्याच्या गुरूचा, उस्ताद बखीतचा. पहिल्याच दिवशी बखीतनं त्याच्या पाठीत एक धपका घालून सांगितलं होतं, "छाती शास्त्राची, पोट शास्त्राचं. चेहरा त्याच्या आईचा. तो आपण बघायचा नाही. बघितलास तर तो तुझ्यामागं घरी येईल, आणि मग मला सांगायला येऊ नकोस." चौतीस वर्षांत शहातानं एकही चेहरा बघितला नव्हता. विद्यार्थ्यांना डोकं शिकायचं असेल तर ते टेबल दुसरा सेवक तयार करायचा.

त्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी लावली. गळ्याच्या खळीपासून पोटाच्या खळग्यापर्यंत एक उभा छेद. मग गळ्याजवळच्या आडव्या हाडावरून खांद्याकडे, आणि बरगड्यांच्या खालच्या कडेनं बगलेकडे. आधी डावी बाजू. कातडी पुस्तकाच्या पानासारखी उलटली, आणि खाली तो मोठा स्नायू पंख्यासारखा पसरलेला मिळाला. मधल्या हाडापासून, बरगड्यांपासून निघून सगळे धागे दंडाकडे गोळा होत गेलेले. काम चोख झालं. तो स्वतःशीच खूश झाला, एक शीळ घातली, आणि उजव्या बाजूला आला.

उजवी कातडी उलटली आणि शीळ थांबली.

खाली काही नव्हतंच. कातडी, पातळशी चरबी, आणि लगेच बरगड्या. बरगड्यांमधले तिरपे धागे, कोटाच्या खिशात हात घालताना बोटं जातात तसे खाली नि पुढे जाणारे, ते थेट डोळ्यांसमोर. खाली जो छोटा स्नायू असतो तोही नाही. आडव्या हाडाला तेवढी बोटभर रुंदीची एक पट्टी चिकटलेली, आणि ती दंडाकडे एकटीच गेलेली.

"छे," शहाता मोठ्यानं म्हणाला. "आधी कुणीतरी काढून नेला असेल."

पण कुणी नेला नव्हता. कापलेलं आणि मुळातच नसलेलं, यातला फरक त्याला नाही कळणार तर कुणाला कळणार? त्याच्या बोटांना तर आधीच कळलं होतं. ती त्या चौथ्या बरगडीवरून हळूहळू फिरत होती, जशी एका लहान मुलाच्या अंगावरून साबण लावताना फिरली होती, पंचवीस वर्षांपूर्वी, घरच्या परातीत. सुरी त्यानं ट्रेमध्ये ठेवली.

हिलाल. त्याचा एकुलता एक मुलगा. उजव्या बाजूला असंच.

आता हे सांगताना माझ्याच जिवाला लागतं, पण सांगायला तर हवं. तीन वर्षांच्या हिलालच्या बगलेपुढची वळी हाताला लागली नाही तेव्हा दुसरा बाप घाबरला असता. शहाताला आनंद झाला. जे मोठमोठ्या डॉक्टरांना जन्मात बघायला मिळत नाही ते आपल्या घरात, आपल्या परातीत! पोरगं आठ वर्षांचं झालं तसं तो त्याला हाताला धरून कॉलेजात घेऊन आला. त्या वेळचे मोठे प्रोफेसर टाळ्या पिटायचेच बाकी होते. मग दर वर्षी नोव्हेंबरात हिलालचा दिवस ठरला. टेबलावर उभं राहायचं, सदरा काढायचा. "हात कमरेवर दाब," शहाता ऐटीत सांगायचा, "आता बघा, डावीकडे उठला, उजवीकडे काय उठलं? काही नाही!" ऐंशी विद्यार्थी एकेक करून हात लावून जायचे. हिलालला बक्षीस म्हणून कोशरीची, म्हणजे डाळ-भाताची, एक मोठी वाटी आणि थंड बाटली मिळायची. प्रोफेसरांनी फोटो काढले, चार. हनुवटीपासून खाली.

सोळाव्या वर्षी हिलालनं विचारलं होतं, "बाबा, एवढी वर्षं झाली. एकानं तरी माझं नाव विचारलं का?"

"नाव घेऊन काय लोणचं घालायचंय?" शहाता म्हणाला होता. "जन्मभर तुझी छाती लक्षात ठेवतील ते."

सतराव्या वर्षी तो दारातच अडून बसला. वर्गात मुलीही होत्या. सदरा काढणार नाही म्हणाला. शहाताची भर सभेत नाचक्की होत होती. त्यानं पुढे होऊन पोराचा सदरा ओढला. दोन गुंड्या तुटून टेबलाखाली घरंगळत गेल्या. हिलालनं त्या दिवशी सगळ्यांना हात लावू दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो घरात नव्हता. शाळेच्या ओळखपत्रावरचा त्याचा एकुलता एक फोटोही त्यानं नेला. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. गल्लीतली निम्मी पोरं इराकात कामाला गेली, त्यांची पत्रं आली, रेडिओ आले, काहींच्या शवपेट्याही आल्या. हिलालचं काही म्हणजे काही आलं नाही.

"अम्म शहाता! झालं का चौथं?" डॉक्टर नाहिद चष्मा पुसत आत आल्या. विभागाच्या प्रमुख. त्यांनी टेबलावर नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! बघा तरी! तीस हजारांत एखादा असतो असा. आयुष्यात दुसऱ्यांदा बघतेय मी. याला कुणी हात लावू नका. हा भाग अख्खा काढून काचेच्या बरणीत, संग्रहालयात. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते, तो तुमचाच..."

बोलता बोलता त्या थांबल्या. खिडकीतलं एक फडकं सुटून खाली पडलं आणि वारा आत घोंगावला.

"अम्म," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही चेहरा बघितलात?"

"नाही बघत मी, बाईसाहेब. तुम्हाला माहीत आहे."

"तीस हजारांत एक. अख्ख्या मिसर देशात असे दीड-दोन हजार तरी असतील. कुणीही असू शकतो."

"हो. कुणीही."

"तरी बघा. मी बाहेर थांबते. बघा तुम्ही."

त्या गेल्या. शहाता बराच वेळ कापडाच्या गाठीकडे बघत उभा राहिला. गाठ त्यानंच बांधलेली, पक्की. बोटांनी सुटेना, शेवटी कातरीनं कापावी लागली. एकेक पदर निघत गेला. मनात एकच चाललं होतं: देवा, हा कुणाचाही असू दे. माझा नको. मी पापी आहे, पण माझा नको.

शेवटचा पदर निघाला.

करडा-तपकिरी, फुगलेला, कापडाच्या वळ्या उमटलेला चेहरा. थोडी दाढी. डोळे मिटून आत गेलेले. नाक कापडानं एका बाजूला दबलेलं. फॉर्मॅलिनमध्ये चौदा महिने राहिलेला कुठलाही चेहरा असाच दिसतो म्हणा. शहाता वाकून बघत राहिला. आता ओळख पटेल, नाहीतर पटणार नाही. दोन्हींतलं एक व्हायला हवं होतं. दोन्हीही झालं नाही.

त्याला कळेना.

हे नाक हिलालचं होतं का? हिलालचं नाक कसं होतं? कान? हनुवटीला खळी होती की ती बायकोच्या भावाच्या हनुवटीला? शहातानं डोळे मिटून मुलगा आठवून बघितला. टेबलावर उभा राहिलेला हिलाल लगेच आठवला. आठ वर्षांचा, बारा वर्षांचा, सतरा वर्षांचा. चौथ्या बरगडीवरचा तीळ, उजव्या बाजूचं वर सरकलेलं स्तनाग्र, हात वर केला की काखेत ताणली जाणारी कातडीची बारीक घडी. सगळं लख्ख. आणि वर, हनुवटीच्या वर, काही नाही. तिळावरून तरी ओळखावं म्हणून तो परत छातीकडे वळला. पण फॉर्मॅलिननं ती कातडी जागोजागी काळवंडली होती. त्यात एक तीळ शोधणं म्हणजे वाळूत मीठ शोधणं.

तो धावत विभागाच्या कपाटाकडे गेला आणि प्रोफेसरांची फोटोची वही काढली. चारही फोटो हनुवटीपासून खाली. हे त्याला आधीच माहीत होतं. तरीही त्यानं पानं पुढेमागे उलटून बघितली, चेहरा कुठल्यातरी मागच्या पानावर असेल या आशेनं.

दुपारी तो घरी गेला तेव्हा रस्त्यावर पाच हातांवरचं दिसत नव्हतं. इनशिराह मुलुखियाची पातळ भाजी ढवळत होती. ताटात तीन भाकऱ्या होत्या. माणसं दोन, भाकऱ्या तीन. अकरा वर्षं हाच हिशेब. तिसरी रोज संध्याकाळी ती दाराशी येणाऱ्या आंधळ्या फकिराला द्यायची, पण ताटात ती आधी ठेवायचीच. शेजारणी तिला अजून उम्म हिलाल म्हणायच्या, हिलालची आई. ते नाव तिनं टाकू दिलं नव्हतं.

"एवढ्या लवकर?" ती म्हणाली. "वाऱ्यानं कॉलेज उडालं की काय?"

"सहज आलो." तो बसला. पाणी प्यायला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "काय गं, हिलालच्या भुवईला काही खूण होती का? पडला होता ना लहानपणी?"

पळी हातातच थांबली.

"अकरा वर्षांत तू त्याचं नाव काढलं नाहीस," ती म्हणाली. "आज भुवई आठवली?"

"आपलं सहज विचारलं."

"शहाता, मला लहान मूल समजू नकोस. तुझ्या हाताला फॉर्मॅलिनचा वास येतोय. तू हात न धुता घरी कधी आला आहेस?"

त्यानं हातांकडे बघितलं. मग सांगून टाकलं. किती सांगितलं आणि कसं सांगितलं हे त्याला नंतर आठवलं नाही. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "तू चेहरा बघितलास?"

"बघितला."

"आणि?"

"मला... चौदा महिने औषधात होता. सुजलाय. कुणालाही नाही कळणार."

"कुणालाही," ती म्हणाली. तिनं चूल विझवली, बाहेर जायची काळी मलाया अंगावर घेतली आणि चप्पल घातली. "चल."

हॉलमध्ये बाहेरच्या माणसाला, त्यातून बाईला, येऊ द्यायची चाल नव्हती. डॉक्टर नाहिदनी दार उघडलं. शहातानं छातीवर चादर ओढून ठेवली होती. कातडी परत जागेवर बसवून वर दोन चादरी. इनशिराहनं चादरीकडे बघितलंच नाही. ती सरळ डोक्याशी गेली. कपाळावरचे केस तिनं मागे सारले. अंगठ्यानं डावी भुवई चाचपली, मग उजवी. कानामागे बोट घातलं, आंघोळीनंतर आया घालतात तसं. मग ओठ जवळ नेऊन काहीतरी पुटपुटली. शहाता चार पावलांवर उभा होता. त्याला ऐकू आलं नाही, आणि पुढे व्हायची छाती झाली नाही.

डॉक्टर नाहिद म्हणाल्या, "उम्म हिलाल, घाई नाही. खात्री असेल तरच..."

"हा माझा आहे," इनशिराह म्हणाली. आवाज अगदी कोरडा. "कागद आणा. सही कुठं करायची ते दाखवा."

शहाता मटकन स्टुलावर बसला. "हिलाल आहे?" तो म्हणाला. "इनशिराह, हिलालच आहे ना?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं! "माझा आहे म्हटलं ना. बरणीत नाही जायचा तो. टाके घाल त्याला. नीट घाल, तुझ्या हाताला यश आहे म्हणतात."

त्यानं टाके घातले. चौतीस वर्षांत इतके बारीक टाके कुणाला घातले नव्हते. डॉक्टर नाहिदनी सरकारी वकिलाच्या कचेरीतून परवानगी आणवली, मशिदीच्या इमामाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर, वाऱ्यातच, दफन झालं. बायका कबरीपर्यंत जात नाहीत. इनशिराह गेली, आणि कुणी तिला अडवलं नाही. खड्ड्यात उतरताना शहातानं कफनावरून उजव्या बाजूला हात ठेवला. मग चटकन काढून घेतला आणि डोक्याकडचा भाग धरला.

तीन दिवस लोक येऊन बसले, बिनसाखरेची कॉफी प्याले, कुराण ऐकून गेले. शेजारणी इनशिराहच्या गळ्यात पडून रडल्या. ती त्यांचं सांत्वन करत होती. शहाता पुरुषांच्या ओळीत बसून सगळ्यांचे हात हातात घेत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, मुलाच्या दुःखानं म्हातारा खचला. चौथ्या दिवशी वारा पडला. आभाळ निळं झालं, घरोघरी बायका वाळू झाडू लागल्या.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. ताटात भाकऱ्या होत्या. त्यानं मोजल्या. तीन.

"ही तिसरी कुणाची?"

"फकिराची," ती म्हणाली. "रोज असते."

"ती आधी हिलालची असायची. मग फकिराची."

ती तवा पुसत राहिली.

"इनशिराह, तुझ्या पाया पडतो. एकच सांग. तो हिलाल होता की नव्हता? नसेल तर मी वाट बघेन. असेल तर रडेन. मला दोन्हीतलं एक तरी करू दे. अशानं मी वेडा होईन गं. डोळे मिटले की तो मेलेला चेहरा येतो आणि हिलालचा येतच नाही."

तिनं तवा खाली ठेवला. पदरानं हात पुसले. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला.

"नऊ वर्षं दर नोव्हेंबरात तो रात्री माझ्या कुशीत तोंड खुपसून झोपायचा," ती म्हणाली. "तू मला सांगायचास, आज ऐंशी जणांनी बघितलं. मी म्हणायचे, पोरगं रडतंय. तू म्हणायचास, रडू दे, छाती चांगली हलते. आठवतं?"

त्याला आठवत होतं.

"त्याचे डोळे कुठल्या रंगाचे होते, सांग मला. एवढंच सांग. मग तो कोण होता ते मी सांगते."

शहातानं तोंड उघडलं. कबरीत आहेत ते डोळे मिटलेले होते. त्यानं पापण्या उचलून बघितल्या नव्हत्या. भिंतीवर फोटो नव्हता. इनशिराहचे डोळे काळे, त्याच्या आईचे मधाच्या रंगाचे. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, तिथं काही उमटतंय का ते शोधत.

"काळे," तो म्हणाला. ती हलली नाही. "नाही, थांब, मधासारखे. माझ्या आईसारखे. हो ना?"

बाहेर काठीचा आवाज आला. आंधळा फकीर आला होता. इनशिराहनं तिसरी भाकरी उचलली, तिच्यावर मीठ-जिरं भुरभुरलं आणि ती दाराकडे गेली.

"हो ना?" शहाता मागून विचारत होता. "इनशिराह, मधासारखेच ना?"